प्रोटेसिलॉस

ग्रीक पुराणकथांमधल्या ट्रोजन युद्धात ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी उडी मारणारा आणि सगळ्यात आधी मरणारा ग्रीक योद्धा, थेसलीतल्या फिलाकीचा राजा. अकिलीस, हेक्टर सगळ्यांना ठाऊक असतात, याचं नाव मात्र फार कमी जणांच्या कानावर पडलेलं असतं.

होमरच्या इलियड या महाकाव्यात हा जिवंत असा भेटतच नाही. 40 जहाजं घेऊन आला, उतरता उतरता एका ट्रोजन बाजूच्या माणसाने मारला, मागे गालांवर ओरखडे काढून रडणारी बायको आणि अर्धवट बांधलेलं घर, बस्स, दोन-चार ओळींत विषय संपला. सैन्य मग धाकटा भाऊ पोडार्किस सांभाळतो. पुढे हेक्टर ग्रीकांच्या जहाजांना आग लावायला येतो तेव्हा पेटतं तेही नेमकं याचंच जहाज!

जो पहिला पाय ठेवेल तो मरणार ही भविष्यवाणी नंतरच्या कथांमधली, मारणारा हेक्टर होता हेही बहुतेक नंतरचंच. बायको लाओडेमियाची कथाही तशीच. देवांनी त्याला तीन तासांसाठी पाताळातून परत पाठवलं, तो गेल्यावर तिने त्याची मूर्ती करून जवळ ठेवली, तिच्या बापाने ती जाळायला घेतली तर हिने पण त्याच आगीत उडी घेतली.

पण माझ्या मते खरी मजा तो मेल्यानंतर आहे. गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाला एलेयसमध्ये त्याची समाधी आणि देवस्थान होतं, तिथला खजिना आर्टायक्टिस नावाच्या पर्शियन सुभेदाराने लुटला, तोही राजा झर्क्सीसला गंडवून, की म्हणे तुमच्या मुलखावर चालून आलेल्या एका ग्रीकाचं घर आहे ते मला द्या. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की हा सुभेदार नंतर अथेन्सवाल्यांच्या हाती लागला, तेव्हा पहारेकरी खारवलेले मासे भाजत होता आणि ते निखाऱ्यावर ताजे असल्यासारखे उड्या मारायला लागले. आर्टायक्टिस म्हणाला, घाबरू नकोस, हा इशारा मला आहे, प्रोटेसिलॉस सुक्या माशासारखा मेलेला असला तरी बदला घेऊ शकतो. देवस्थानाला 100 टॅलेंट (तेव्हाचं पैसे मोजायचं मोठं वजनी माप) भरतो, स्वतःच्या आणि मुलाच्या जिवाचे 200 देतो असंही बोलला, पण एलेयसचे लोक ऐकेनात. त्याला फळीवर खिळे ठोकून टांगलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत मुलाला दगडांनी ठेचून मारलं.

इ.स.पू. 334 मध्ये अलेक्झांडर आशियात उतरण्याआधी मुद्दाम या समाधीवर बळी देऊन गेला, आपलं उतरणं तरी याच्यापेक्षा शुभ व्हावं म्हणून.