एडवर्ड्स, जोनाथन : खासगी व कौटुंबिक कागदपत्रे

अमेरिकेतील काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक व तत्त्वचिंतक जोनाथन एडवर्ड्स (१७०३–१७५८) आणि त्यांचे कुटुंबीय यांची हस्तलिखिते. बहुतेक कागद येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. दुसरा मोठा संच अँडोव्हर न्यूटन या धर्मशिक्षण संस्थेने जपला. सुमारे १,२०० प्रवचने, जवळपास १,४०० टिपणांच्या ‘मिसेलनीज’ नावाच्या वह्या, पत्रे आणि छापील पानांमध्ये कोरे कागद घालून बांधलेले बायबल हा त्यांचा गाभा.

कागद महाग असल्याने एडवर्ड्स पाठकोरे कागदही वाया जाऊ देत नसत. जुनी पत्रे, बिले, एवढेच नव्हे तर घरातील स्त्रिया पंखे बनवत त्यातून उरलेल्या कातरणीही दोऱ्याने शिवून ते वह्या करत. प्रवचनांच्या वह्या तर तळहातावर मावतील एवढ्या लहान आहेत.

कालनिश्चितीचा प्रश्न बराच काळ वादाचा राहिला. उडत्या कोळ्यांविषयीचे प्रसिद्ध पत्र एडवर्ड्स यांनी बाराव्या वर्षाच्या सुमारास लिहिले, असे त्यांचे पणतू व चरित्रकार सेरेनो ड्वाइट यांनी मानले आणि या बालप्रतिभेच्या कथेने पुढे चांगलेच मूळ धरले. ड्वाइट यांच्यासमोर तारीख नसलेला मसुदा होता. न्यायाधीश पॉल डडली यांना पाठवलेल्या प्रत्यक्ष पत्रावर ३१ ऑक्टोबर १७२३ ही तारीख आहे. म्हणजे लेखक तेव्हा वीस वर्षांचा होता. ‘द माइंड’ (मन) या तत्त्वचिंतनपर टिपणांचा काळही ड्वाइट यांनी बराच मागे, विद्यार्थिदशेत, ओढला होता. विसाव्या शतकात टॉमस शेफर यांनी शाई, अक्षराचे वळण आणि कागदातील जलचिन्हे ताडून हस्तलिखितांचा क्रम लावला. कुटुंबात चालत आलेल्या आठवणींपेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची आहे. येलच्या २६ खंडांच्या आवृत्तीला (१९५७–२००८) तिचा मोठा आधार मिळाला.

एडवर्ड्स यांच्या रोजनिशीची मूळ प्रत हरवली आहे. आज वाचायला मिळतो तो ड्वाइट यांनी छापलेला पाठ.

कुटुंबातील स्त्रियांचे लेखन थोडे उरले आहे. त्यात कन्या एस्थर बर यांची १७५४ ते १७५७ या काळातील पत्ररूप रोजनिशी मोलाची. याच कागदांत १७३१ सालची न्यूपोर्ट येथील एक पावती आहे : एडवर्ड्स यांनी व्हीनस नावाची गुलाम मुलगी ८० पौंडांना विकत घेतली. पावतीत तिचे वय ‘चौदा वर्षे किंवा त्या सुमारास’ असे नोंदवले आहे.