गायरानाला ‘पडीक’ म्हणण्याआधी

बालाघाटाच्या पठारावरचं एखादं गायरान एप्रिलमध्ये बघितलं, तर मुरूम, तरवडाची झुडपं आणि वाळलेली कुसळं यापलीकडं फारसं काही दिसत नाही. असल्या जमिनीला कागदोपत्री ‘पडीक’ नाहीतर ‘ऱ्हास झालेलं वन’ असा शेरा मिळतो आणि पाऊस पडला की तिथं खड्डे खोदून रोपं लावली जातात. या शेऱ्यामागं शंभर वर्षांपूर्वीची एक समजूत आहे : मोकळी सोडलेली जमीन शेवटी जंगलच होते, आणि झाली नाही तर ती कुणीतरी अडवलेली असते. ही समजूत मराठवाड्याच्या माळाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

एखादी जागा किती जीव पोसते, या हिशेबाची सुरुवात मोजणीपासून झाली. अन्नापेक्षा तोंडं वेगानं वाढतात, असं माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलं. मग वाढ थांबते कशी, हे बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये सूत्रात बसवलं. वाढीचा उपजत दर, आजची संख्या आणि धारणक्षमतेचा, म्हणजे ती जागा जास्तीत जास्त जेवढ्यांना पोसू शकते त्या संख्येचा, अजून रिकामा असलेला हिस्सा, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे वर्षाची वाढ. समजा, एका माळावर १,००० सशांचं पोट भरतं आणि उपजत दर ०.५ आहे. ससे १०० असताना वर्षात ४५ वाढतील, ५०० असताना १२५ आणि ९०० असताना पुन्हा ४५च. वाढ सर्वांत जोमदार असते ती निम्म्यावर. गवताची कापणी किंवा तळ्यातली मासेमारी कितपत करावी, याचा जुना हिशेब याच निम्म्यावर बेतलेला आहे.

सूत्र सरळ आहे, पण घोटाळा धारणक्षमतेच्या आकड्यात होतो. पर्ल आणि रीड यांनी १९२० मध्ये हेच सूत्र अमेरिकेच्या लोकसंख्येला लावलं आणि ती १९.७ कोटींच्या आसपास थांबेल असं काढलं. १९६७ मध्ये तिथं २० कोटींचा टप्पा ओलांडला गेला आणि वाढ चालूच राहिली. शेती, तंत्र, स्थलांतर बदललं की कमाल मर्यादाही सरकते. आपल्याकडं तर ती पावसागणिक सरकते. १९७२ च्या किंवा २०१५-१६ च्या दुष्काळात ज्या गायरानावर गुरं जगवणं अशक्य झालं, तेच गायरान चांगल्या पावसात कमरेएवढं गवत देतं. मग धारणक्षमता कोणत्या सालची धरायची? केनियाच्या तुर्काना भागातली गुरं आणि पाऊस बघून एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये हाच मुद्दा मांडला : कोरड्या, लहरी पावसाच्या मुलखात जनावरांची संख्या गर्दीनं ठरत नाही, दुष्काळानं ठरते.

अनुक्रमणाची, म्हणजे एका जागी एकापाठोपाठ एक वनस्पती येत जाण्याची, कहाणी वाळूत सुरू होते. काउल्स यांनी १८९९ मध्ये लेक मिशिगनच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास मांडला. पाण्यापासून आत चालत जावं तसतशी जुनी टेकडी लागते आणि गवत, झुडूप, जंगल असा क्रम दिसतो. क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये त्याचा नियमच केला : हवामान एक तर चरमावस्थाही, म्हणजे शेवटची स्थिर अवस्थाही, एक, आणि वनसमूह एखाद्या सजीवासारखा वाढून तिथं पोचतो. ग्लीसन यांनी १९२६ मध्ये हे नाकारलं. त्यांच्या मते प्रत्येक जात आपापल्या सोयीनं येते, समूह हा केवळ योगायोगाचा शेजार. टान्सली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संज्ञा दिली आणि माती, चराई, माणूस यांनीही समूह स्थिर राहू शकतो, हे ठासून सांगितलं.

भारतात मात्र क्लेमेंट्सची छाप टिकली. चॅम्पियन यांचं वनप्रकारांचं वर्गीकरण १९३६ मध्ये आलं, सेठ यांच्यासोबतची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये. त्यात कोरड्या गवताळ जमिनीला शुष्क पानझडी वनाची ‘ऱ्हासावस्था’ म्हणून क्रमांक आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवतांचे पाच मोठे प्रकार मांडले. त्यात दख्खनचा पट्टा पवन्या-मारवेल या चाऱ्याच्या गवतांच्या गटात येतो. गवताला स्वतःचं नाव मिळालं, पण शेरा काही बदलला नाही.

माळावर प्रत्यक्ष काय घडतं ते बघण्यासारखं आहे. उघड्या बेसॉल्टवर आधी दगडफूल आणि शेवाळ येतं. भेगेत माती साठली की पावसाळी हंगामी गवतं, मग कुसळी, आणि माती जरा जाड झाली की पवन्या, मारवेल. चराईचा भार वाढला की हाच क्रम उलटा फिरतो : गोड गवत आधी संपतं, कुसळी उरते, शेवटी तरवड, ज्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून नुसता तरवड बघून ‘जमीन निकृष्ट’ म्हणणं चूक आहे. त्यावरून कळतो तो चराईचा इतिहास. काळ्या रानात नांगरट थांबली तर वाट निराळी : हरळी, कुंदा, गाजरगवत, आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांतून आलेली बाभूळ. पुढचा येणारा आधीच्यामुळे सुकर होतो की अडतो, याचे वेगवेगळे मार्ग कॉनेल आणि स्लॅटियर यांनी १९७७ मध्ये स्पष्ट केले. गाजरगवत अडवणाऱ्यांपैकी आहे. वेडी बाभूळ तर एकदा दाट झाली की नुसत्या चराईबंदीनं जात नाही, ती काढावीच लागते.

गायरानाचा कल कळायला चौकट, म्हणजे जमिनीवर ठेवून आतली झाडं नोंदवायचा ठरावीक मापाचा चौकोन, पुरते. गवतासाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५. वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची, कारण तुरा आल्याशिवाय गवतं ओळखताना हमखास चूक होते. जागा डोळ्यांनी निवडली तर माणूस नकळत हिरवळीकडे झुकतो. म्हणून दोरी ताणून दर २० मीटरवर चौकट टाकावी आणि पायवाटेची कड सोडावी. पवन्याचा ठोंब एक झाड धरायचा की दहा, हा वाद टाळायला काड्या मोजत बसू नये, प्रत्येक जातीनं चौकटीचा किती टक्के भाग झाकला ते लिहावं. त्या सालचा पाऊसही त्याच कागदावर नोंदवावा, नाहीतर ओल्या वर्षातली वाढ चराईबंदीचं यश म्हणून खपते.

अशा माळावर दीड फुटी खड्डे खोदले की बहुवर्षायू गवताचे ठोंब मुळासकट उपटले जातात आणि उकरलेल्या मातीवर पुढच्या पावसात गाजरगवत उगवतं. त्याच चौकटी त्याच महिन्यात निदान तीन वर्षं मोजल्या, आणि कुसळी घटून पवन्या-मारवेलाचा टक्का चढताना दिसला, तर त्या गायरानाला रोपांची गरज नाही. चराईच्या पाळ्या लावून गवताला बी धरू देणं पुरेसं आहे.