पालखी मार्गावरची सावली जमिनीखाली ठरते

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीमार्गे पंढरपूर गाठते. सरकारदरबारी हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता ऐसपैस झाला, वारकऱ्यांसाठी कडेने पायवाटही आखली गेली; पण रुंदीकरणात जुन्या झाडांच्या रांगा बऱ्याच ठिकाणी गेल्या. शेकडो किलोमीटर पायी जायच्या वाटेवर सावलीला शोभेची बाब म्हणून चालत नाही. गेलेली हिरवाई परत आणायची तर रोपं लावायलाच हवीत, याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण रोपं मोजतो आणि माती पाहत नाही.

मोजणीतली गंमत आधी बघू. वडाच्या एका जुन्या झाडाचा पसारा आरपार २० मीटर धरला, तर त्याखाली जवळजवळ ३१४ चौरस मीटर जमीन झाकली जाते. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाचा पसारा असतो अर्धा मीटर. म्हणजे झाकलेली जमीन ०.२ चौरस मीटरसुद्धा नाही. त्या एका वडाइतकी सावली आज हवी असेल तर १६०० रोपं लागतील. महाराष्ट्रात नागरी भागासाठीच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची, असं ठरलं. पूर्वीच्या मानाने हे पाऊल चांगलंच. तरीही शंभर वर्षांच्या वडाबदली शंभर रोपं, म्हणजे पहिल्या दिवशी जेमतेम २० चौरस मीटर. शिवाय पालखी मार्गाचा बराचसा भाग गावाबाहेरून, शेतांमधून जातो. तिथे हा नागरी कायदा लागूच होत नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा पैशांची तरतूद कागदावर आहे. रोप अडतं ते पुढे, खड्ड्यात.

रस्ता बांधणारा अभियंता आणि झाड यांच्या गरजा एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रस्त्याचा भराव खचू नये म्हणून तो थराथराने रोलरखाली दाबतात; प्रयोगशाळेत ठरवलेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांहून अधिक घट्टपणा लागतो, आणि अभियंत्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. झाडाला मात्र पोकळ्या हव्यात. चांगल्या शेतजमिनीचा जवळजवळ निम्मा भाग ही मोकळी जागा असते, काही पाण्याने भरलेली, काही हवेने. मुळं श्वास घेतात, म्हणून ती हवा त्यांना पाण्याइतकीच लागते. चिकण मातीची घनता घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळांची टोकं आत शिरेनाशी होतात. काम चालू असताना डंपर आणि जेसीबी कडेच्या पट्ट्यातूनच फिरतात. त्यामुळे झाडांसाठी सोडलेली जागाही नकळत रस्त्याइतकीच घट्ट होऊन बसते.

अशा जमिनीत यंत्राने गोल खड्डा पाडला, त्यात काळी माती आणि शेणखत भरलं, रोप लावलं. वरून सगळं ठीक दिसतं. खाली जे तयार झालं ते म्हणजे खड्ड्याच्या नावाखाली खपवलेली कुंडी. फिरत्या पात्याने खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात, ओलसर मातीत तर अक्षरशः लिंपल्यासारख्या. जुलैत त्यात पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. एप्रिलमध्ये तीच माती आक्रसते, भिंतीपासून सुटते आणि भेगेतून हवा खेळून मुळं वाळतात. दोन-तीन वर्षं रोप खतावर तग धरतं, मग खुरटतं. उपाय महागडा नाही. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, भिंती पहारीने खरवडून खडबडीत कराव्यात. जागा असेल तिथे सुटे खड्डे न घेता सलग चर काढावा, म्हणजे शेजारच्या झाडांची मुळं एकाच मोकळ्या मातीत पसरतात.

लावण्याआधी पिशवी फाडून मुळं पाहण्याची सवयही हवी. वर्षानुवर्षं पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतात. ती तशीच जमिनीत गेली तर पुढेही गोलच वाढतात, आणि खोड जाड झालं की त्यालाच फास बसतो. दहा-बारा वर्षांचं धडधाकट दिसणारं झाड वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, त्याचं मूळ कारण कधी कधी त्या पिशवीत असतं. गुंडाळलेली मुळं कापून टाकावीत, खोड-मुळाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा. फोटो काढण्याच्या गडबडीत हे कोण बघणार, हा भाग वेगळा.

जेजुरी ते माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पावसाळ्यात लावलेल्या रोपाची खरी परीक्षा मार्च ते मे. टँकरने जाता जाता पाइपचा फवारा मारला तर पाणी उतारावरून गटारात जातं. आळं करून आठवड्याला एकदा सावकाश १५-२० लिटर पाणी मुरवलं, तर मुळं खाली उतरतात. आळ्यात आच्छादन हवं, आणि ते इथे फुकट आहे: फलटण-माळशिरसच्या उसाच्या शेतांत पाचट पेटवून देतात. तेच आळ्यात वीतभर थरात घातलं तर ओल बराच काळ टिकते. खोडापासून मात्र चार बोटं दूर ठेवावं आणि उन्हाळ्याआधी आजूबाजूचं वाळलेलं गवत काढावं, नाहीतर कुणाच्या तरी विडीने सगळी रांग जाते.

झाड कोणतं, यात फारसं डोकं चालवायची गरज नाही. जुन्या लोकांनी ते चालवून ठेवलंय. कडुलिंब पाडव्याच्या सुमारास नवी पालवी घेतो, त्यामुळे ऐन वैशाखात त्याची सावली भरलेली असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. उन्हाच्या तडाख्यात बऱ्याचदा नुसत्या फुलांवर असतो आणि वाऱ्यात मोडतो. करंज, पिंपळ, वावळ, शिरीष इथले; चिंच मूळची आफ्रिकेची, पण इथे केव्हाच रुळलेली; कालव्याकाठी जांभूळ. लवकर हिरवं दिसतं म्हणून लावला जाणारा कोनोकार्पस तर नकोच. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

वडासाठी रोपवाटिकेवर विसंबायचीही गरज नाही. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवायची, वरच्या कापावर शेण-माती लिंपायची. फुटवे शेळीच्या तोंडापेक्षा वर येतात, म्हणून कुंपणाचा खर्चही वाचतो. पुढे एक गोष्ट सांभाळावी लागते. वाहनांना लागतात म्हणून रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या सर्रास छाटल्या जातात. पारंबी जमिनीत रुजली की तिचा खांब होतो आणि आडव्या फांदीचं वजन पेलतो. छाटलेल्या वडाला ते टेकूच मिळत नाहीत. त्यात एका बाजूची मुळं गटारासाठी तोडलेली असली, तर तो एके दिवशी रस्त्यावर येतो आणि ‘धोकादायक झाड’ ठरतो. रस्त्यापासून आठ-दहा मीटर आत लावला तर पारंब्यांना जागा मिळते आणि पुढच्या रुंदीकरणातही तो वाचण्याची शक्यता असते.

आणि रांगेच्या मधली जागा? जुन्या रस्त्यांच्या कडेला बोर, निरगुडी, तरवड अशी झुडपांची दाटी असायची. रुंदीकरणात तीही गेली, पण तिचा हिशोब कुठल्याच फायलीत नसतो. बुलबुल, साळुंक्या अशा झुडपांत बसतात आणि विष्ठेतून बिया टाकतात. काट्यांच्या आडोशाने त्यातली काही रोपं वाढतात. या रोपांचं सोटमूळ पहिल्याच पावसात सरळ खाली जातं, पिशवीतल्या रोपाला ते जमत नाही. गवत कापणाऱ्या माणसाला ती ओळखता आली आणि त्याने शेजारी एक काठी रोवली, तर फुकटची झाडं मिळतात. कडुलिंबाच्या बाबतीत पक्ष्यांची वाट पाहायचंही कारण नाही. निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत संपते, म्हणून साठवलेलं बी वाया जातं. ताजी निंबोळी मात्र नेमकी ज्येष्ठ-आषाढात, पालखी वाटेवर असतानाच, जुन्या झाडांखाली पडलेली असते. ती वेचून, गर धुऊन, त्याच आठवड्यात बोरीच्या जाळीलगत टोकून द्यावी.