खपली हा साध्या गव्हाचाच जुना वाण?

सांगली-साताऱ्यात खपलीला साध्या गव्हाचाच गावरान वाण म्हणतात. ते चूक आहे, ती वेगळी प्रजात आहे. खपलीच्या पेशीत गुणसूत्रं (आनुवंशिक गुण वाहणारे धागे) 28, साध्या, पोळीच्या गव्हात 42.

हजारो वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या आसपास 28 गुणसूत्रांच्या गव्हाचा 14 गुणसूत्रांच्या रानगवताशी संकर झाला. दोघांकडून निम्मी-निम्मी (14 आणि 7) मिळून 21 आली, त्यांच्या जोड्या जुळेनात. ती दुप्पट होऊन 42 झाली, तेव्हा दाणे धरले. प्रजात अशी झटक्यातही जन्मते.

आज खपली आणि साधा गहू यांचा संकर केला, तर 35 येतात. 14 जोड्या जमतात, 7 एकटी उरतात. म्हणून ओंब्या बऱ्याच पोचट. (थोडे दाणे भरतात, प्रजातींमधली भिंत अभेद्य नसतेच.)

मळणीत साल सुटत नाही, खपली कांडावी लागते, हा मात्र प्रजात वेगळी असल्याचा पुरावा नव्हे. युरोपातला स्पेल्ट गहूही सालीचाच, तरी गुणसूत्रं 42.