पेशी खुंटा हलवून पाहते

नागपुरात गुडघेदुखीच्या जाहिरातींत हल्ली ‘स्टेम सेल’, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणारी मूलपेशी, सर्रास दिसते. पेशी टोचल्या की झिजलेली कूर्चा पुन्हा येणार, असा एकूण सूर. मुळात समज असा की पेशीला खाऊपिऊ घातलं की ती आपोआप हवी ती होते.

तसं नसतं. बाहेर मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या इनक्युबेटरमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखतात, ग्लुकोज, अमिनो आम्लं पुरवतात. तरीही टेकायला जागा नसेल तर ऊतींतल्या बहुतेक पेशी मरतात. १९९७ साली केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी बारीकबारीक चिकट ठिपक्यांवर वाढवून पाहिल्या गेल्या. पसरायला ऐसपैस जागा मिळाली त्या वाढल्या, आखडून बसाव्या लागल्या त्या मेल्या. अन्न दोघींना सारखंच होतं.

पण मला भुरळ घालतो तो २००६ चा प्रयोग. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एंग्लर आणि डिशर यांच्या चमूने अस्थिमज्जेतल्या मूलपेशी पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलवर ठेवल्या. पेशींना धरायला वर लावलेलं कोलॅजेन हे प्रथिन तेच, द्रवही तोच. बदलला तो फक्त जेलचा टणकपणा. मेंदूइतक्या मऊ, सुमारे १ किलोपास्कलच्या (हे टणकपणाचं माप) जेलवर पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटले. १० च्या आसपास त्या स्नायूकडे झुकल्या, ३० च्या आसपास हाडाकडे.

पेशीला हे कळतं कसं? बैल बांधण्याआधी शेतकरी खुंटा हलवून पाहतो, तशी ती तळ ओढून पाहते. पेशीच्या पटलातली इंटेग्रिन प्रथिनं बाहेर कोलॅजेनला धरतात, आत अॅक्टिनच्या तंतूंना जोडलेली असतात आणि मायोसिन नावाचं प्रथिन ते तंतू खेचतं. तळ टणक असेल तर ताण टिकतो आणि त्या ताणानेच पकड मोठी होते, तंतू जाड होतात. मऊ तळ सरकतो, ताण जमतच नाही. हा ताण केंद्रकापर्यंत पोचतो: टणक तळावर ‘याप’ नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं, मऊ तळावर ते बहुतांशी बाहेरच राहतं. एंग्लर-डिशर यांनी ब्लेबिस्टॅटिन हे रसायन देऊन मायोसिन थांबवलं, तेव्हा तळानुसार होणारी ही निवडच बंद पडली. ओढताच आलं नाही, तर तळ कसा आहे हे कळणार कुठून!

म्हणून त्या जाहिराती खटकतात. झिजलेल्या सांध्यातला तळ निरोगी कूर्चेसारखा उरलेला नसतो. तिथे टोचलेली पेशी काय होईल, हे जाहिरात कशाच्या जोरावर सांगते? मूलपेशींबाबतच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत.

अडचण प्रयोगशाळेतही आहेच. पेशी वाढवायची नेहमीची बशी पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकची, म्हणजे मेंदूच्या लाखो पटींनी टणक. तिच्यावर तपासलेलं औषध शरीरातल्या मऊ ऊतीत तसंच वागेल, याची खात्री देता येत नाही. आता अनेक ठिकाणी बशीवर आधी जेलचा थर देतात आणि त्यावर पेशी सोडतात.