महापालिकेच्या वकील पॅनलवर कामगार कायद्यासाठी अर्ज करताय? अर्ज बाद होतात ते इथे

कामगार संघटनेचे मागणीपत्र आले, संपाची नोटीस लागली किंवा कंत्राटी सफाई कामगार औद्योगिक न्यायालयात गेले, की नाशिक महानगरपालिकेसारख्या संस्थेला विधी विभागाबाहेरचा वकील लागतो. असा सल्ला आणि मदत घेण्याचा अधिकार आयुक्तांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८१ ने दिलेला आहे. त्यासाठी महापालिका बहुधा जाहिरात काढून पॅनल, म्हणजे वकिलांची यादी, नेमतात, क्वचित एखाद्या मोठ्या प्रकरणापुरता स्वतंत्र वकील घेतात. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरली की सगळ्यांची झेरॉक्ससाठी धावपळ सुरू होते. मग यादी लागते, आणि वर्षानुवर्षे कामगार न्यायालयात उभी राहिलेली माणसे तिच्यात नसतात. त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल कुणालाच शंका नसते. अडते ते कागदावर.

वर्षांची अट, शुल्काचा तक्ता आणि अर्जाचा नमुना प्रत्येक जाहिरातीत वेगळा असतो, म्हणून पुढचे सगळे हातातल्या जाहिरातीशी ताडून वाचा.

काम नेमके कोणते, हे आधी समजून घ्या

‘कामगार वाटाघाटींसाठी विधी सल्लागार’ असे वाचून अनेकांची समजूत होते की संघटनेच्या नेत्यांसमोर टेबलावर आपणच बसणार. तसे होत नाही. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक आणि कामगारांत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३६ मध्ये हे स्पष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही तो नियम कायम आहे. समेटाच्या बैठकीत महापालिकेचा अधिकारीच बोलतो. वकिलाचे काम त्याआधीचे आणि त्यानंतरचे: मागणीपत्रातली कोणती मागणी कायद्याने द्यावीच लागेल, कोणती ऐच्छिक आहे, कोणत्या मागणीला आयुक्त स्वतः हो म्हणू शकत नाहीत, हे लेखी मांडणे आणि शेवटी करारनाम्याचा मसुदा करणे.

यातला तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. महापालिकेला नवी पदे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय निर्माण करता येत नाहीत. शिवाय आस्थापना खर्चाची (पगार-भत्त्यांची) ३५ टक्क्यांची मर्यादा डोक्यावर असते. हे न पाहता ‘इतक्या कामगारांना कायम करू’ असे करारात लिहून बसले तर तो करार पुढे महापालिकेच्या गळ्यात येतो आणि कामगारांच्या हातीही काही पडत नाही. करार समेट अधिकाऱ्यासमोर झाला तर तो त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो, बाहेर परस्पर झाला तर फक्त सही करणाऱ्या पक्षांना. अर्जासोबत ‘कामाचा थोडक्यात तपशील’ मागितलेला असेल तर ‘कामगार न्यायालयात २०० प्रकरणे चालवली’ एवढेच लिहून थांबू नका. वेतन करार, बोनसचा समझोता, मागणीपत्राला दिलेले उत्तर असे काही केले असेल तर ते आवर्जून लिहा. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांसाठी असे काम केलेले वकील नाशिकमध्ये भरपूर आहेत, पण अर्जात ते लिहीतच नाहीत. कारखान्याचे नाव गोपनीय ठेवायचे असेल तर ‘अभियांत्रिकी उद्योग, सुमारे इतके कामगार, त्रैवार्षिक वेतन करार’ असे लिहिले तरी चालते.

अनुभवाचा दाखला: जो कोणीच देत नाही

सर्वाधिक अर्ज इथे पडतात. जाहिरातीत एक वाक्य असते: ‘कामगार व औद्योगिक न्यायालयातील अनुभवाचे प्रमाणपत्र जोडावे.’ हे प्रमाणपत्र कोणी द्यायचे, ते लिहिलेले नसते. न्यायालय असा दाखला देत नाही. वकील संघ देतो तो सदस्यत्वाचा, त्यात कामगार कायद्याचा उल्लेख नसतो. मग उमेदवार ज्येष्ठ वकिलांच्या लेटरहेडवर चार ओळी आणतो, आणि छाननीत ‘पुराव्याशिवाय’ असा शेरा पडतो. जाहिरात लिहिणाऱ्यांनी ‘पुढीलपैकी कोणताही पुरावा चालेल’ अशी एक ओळ टाकली तर कितीतरी जणांची पायपीट वाचेल. ती ओळ येईपर्यंत आपण आपली सोय करायची.

चालण्यासारखा पुरावा म्हणजे ज्या आदेशाच्या पहिल्या पानावर वकील म्हणून तुमचे नाव छापलेले आहे, त्याची प्रमाणित नक्कल. त्याखालोखाल ज्या रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारखेगणिक नोंदीत) ‘अर्जदारातर्फे अमुक वकील हजर, युक्तिवाद केला’ अशी नोंद आहे, त्याची नक्कल. त्यानंतर तुमच्या सहीचे वकीलपत्र. प्रत्येक वर्षातली एक-दोन प्रकरणे निवडा, म्हणजे सलग अनुभव दिसतो. एकाच वर्षातले वीस आदेश जोडून दहा वर्षांचा अनुभव सिद्ध होत नाही.

अडचण खरी येते ती ज्युनियर म्हणून राबलेल्यांची. वकीलपत्र ज्येष्ठांच्या नावाचे, आदेशात नाव ज्येष्ठांचे, आणि उलटतपासणी घेतलेली असते आपण. अशांनी ज्येष्ठांचा दाखला जरूर जोडावा, पण तो मोघम नको. प्रकरण क्रमांक, वर्ष, आणि त्यात तुम्ही काय केले (साक्ष, लेखी युक्तिवाद, तडजोड) हे त्यात असू द्या, आणि त्याच क्रमांकाचा रोजनामा सोबत लावा. जे आज ज्युनियर आहेत त्यांना एवढेच सांगणे: पुढच्या प्रत्येक वकीलपत्रावर ज्येष्ठांच्या नावाखाली तुमचे नाव आणि सही असू द्या. मागायला संकोच वाटतो, हे ठाऊक आहे. तरी मागा.

नकला जाहिरातीनंतर मागितल्या तर मुदतीत मिळतीलच असे नाही. निकाली प्रकरण अभिलेख कक्षात गेलेले असेल तर त्याहून उशीर. नकलेचा अर्ज जाहिरातीची वाट न पाहता करून ठेवा.

सनद आहे, पण वर्षे मोजली जात नाहीत

अंबड-सातपूरमध्ये एचआर किंवा पर्सनल ऑफिसर म्हणून नोकरी केलेले अनेक जण नंतर वकिलीकडे येतात. कामगार कायदा त्यांच्याइतका क्वचितच कोणाला येत असेल. पण पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. सनदेची तारीख २००८ ची असली आणि मधली ९ वर्षे नोकरीत गेली असली, तर ती ९ वर्षे वकिलीच्या अनुभवात धरली जात नाहीत. अर्जात ती धरून आकडा लिहिला तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो, आणि तो नुसत्या बाद होण्यापेक्षा वाईट. नोकरीचा काळ वेगळ्या रकान्यात किंवा पुरवणी पानावर ‘संबंधित अनुभव’ म्हणून दाखवा.

सनद नसलेले कामगार सल्लागार, म्हणजे पीएफ-ईएसआयची कामे बघणारे किंवा कामगार कल्याणाची पदविका घेतलेले, वकील पॅनलसाठी पात्र नसतात. अर्जशुल्क भरण्याआधी ‘अधिवक्ता’ हा शब्द पात्रतेत आहे का ते पाहा.

२००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे कायद्याची पदवी घेतलेल्यांनी अखिल भारतीय बार परीक्षेचे, म्हणजे एआयबीईचे, उत्तीर्ण प्रमाणपत्र जोडायचे असते. फक्त सनदेची प्रत लावून मोकळे होणारे दरवेळी सापडतात.

महिला वकिलांसाठी एक वेगळी सूचना. सनद माहेरच्या नावाची, आधार-पॅन सासरच्या नावाचे, आणि आदेशात तिसरेच काहीतरी, अशी स्थिती असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आधीच लावा. छाननीच्या टेबलावर बसलेला कर्मचारी नावे जुळवतो आणि जुळली नाहीत की बाजूला ठेवतो. त्याला विचारायला तुम्ही तिथे नसता.

हितसंबंधांचे प्रतिज्ञापत्र

‘महापालिकेविरुद्ध माझे कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही’ ही ओळ डोळे झाकून सही करण्याची नाही. कामगार बाजूने काम करणाऱ्या वकिलाकडे महापालिकेविरुद्धची तक्रार असण्याची शक्यता मोठी. ती सोडायची असेल तर पक्षकाराला पुरेशी लेखी सूचना आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागतात. ते जाहिरातीच्या मुदतीत होत नाही. आणि सोडली तरी, ज्या वादात तुम्ही कामगारांना सल्ला दिला त्याच वादात उलट बाजूने उभे राहणे व्यावसायिक नियमांत बसत नाही. लपवण्यापेक्षा प्रकरणांची यादी देऊन ‘निवड झाल्यास या विषयांत नेमणूक स्वीकारणार नाही’ असे लिहिलेले बरे. काही ठिकाणी अर्ज तरीही बाद होईल. पण निवड झाल्यावर प्रकरण उघडकीस आले तर पॅनलवरून काढले जाते आणि बार कौन्सिलकडे तक्रार जाण्याची वाटही उघडते.

कंत्राटदारांचे वकील या ओळीवरून बिनधास्त पुढे जातात, कारण त्यांच्या मते कंत्राटदार आणि महापालिका एकाच बाजूला असतात. सफाई, घंटागाडी किंवा बससेवेच्या कंत्राटात तसे नसते. कंत्राटदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाने, म्हणजे इथे महापालिकेने, तो द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा, हा नियम जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातही होता आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्येही आहे. वसुलीच्या दिवशी हे दोघे समोरासमोर येतात. म्हणून कंत्राटदाराचे वकीलपत्र असेल तर तेही जाहीर करा. भागीदार, किंवा ज्यांच्यासोबत चेंबर आहे असे वकील, यांच्या प्रकरणांबद्दल जाहिरात विचारत असेल तर त्यांनाही विचारून घ्या.

जीएसटीचा रकाना आणि इतर कागद

नमुन्यात जीएसटी क्रमांक मागितलेला असतो आणि तो नाही म्हणून लोक घाईने नोंदणी करतात, मग दर महिन्याची विवरणपत्रे मागे लागतात. वकिलाने स्थानिक स्वराज्य संस्थेला दिलेली विधी सेवा जीएसटीतून मुक्त आहे. केंद्रीय कर (दर) अधिसूचना १२/२०१७ मधील विधी सेवांच्या नोंदीत नंतर ही सवलत घालण्यात आली. रकाना कोरा सोडू नका. ‘लागू नाही’ लिहा आणि एका पानावर अधिसूचनेचा संदर्भ द्या. व्यवसाय कराचे नावनोंदणी प्रमाणपत्र (पीटीईसी) मात्र लागते. वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरलेले असावेत. पॅन, रद्द केलेला धनादेश, फोटो, पत्त्याचा पुरावा हे नेहमीचेच.

मुदत

‘प्रसिद्धीपासून १५ दिवसांत’ असे लिहिलेले असले की वाद होतो: वर्तमानपत्रातली तारीख धरायची की संकेतस्थळावरची? जी आधीची असेल ती धरा. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा दिवस मिळेल, हे सर्वसाधारण खंड अधिनियमावर (जनरल क्लॉजेस अॅक्ट) विसंबून गृहीत धरू नका. तो नियम कायद्याने ठरवलेल्या मुदतींसाठी आहे. पोस्टाने पाठवलेला अर्ज टपालात टाकल्याची तारीख सहसा पाहत नाहीत, पोहोचल्याची पाहतात. शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात हाताने द्यायचा असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. ‘ठेवून जा’ म्हटले तरी नाही. अर्ज ई-निविदेच्या संकेतस्थळावर भरायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरी आधीच करून ठेवा, आणि मधल्या काळात शुद्धिपत्रक निघाले का ते पाहत राहा. मुदतवाढ त्यातूनच कळते, आणि वाढवलेली कागदपत्रेही.

मुलाखत, आणि बाद झाल्यास

मुलाखत असेल तर चार गोष्टी वाचून जा: महापालिकेची बहुतेक खाती ‘उद्योग’ ठरवणारा नागपूर महापालिकेचा १९६० चा निकाल आणि त्याशेजारी औद्योगिक संबंध संहितेतील उद्योगाची बदललेली व्याख्या, कायम करण्याबाबतचा उमादेवी निकाल (२००६), आणि त्याचा १९७१ च्या महाराष्ट्र अनुचित कामगार प्रथा कायद्याशी मेळ घालणारा कास्ट्राइब निकाल (२००९). लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसा हक्काचे शासन निर्णयही.

यादीत नाव नसेल तर हरकतीची मुदत दिली आहे का ते त्याच दिवशी पाहा. ती नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून छाननी तक्ता, स्वतःच्या अर्जावरील शेरा आणि निवड समितीचे इतिवृत्त मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ‘कारण काय’ असा प्रश्न विचारू नका, कागद मागा. प्रश्नाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. शासकीय वकिलांच्या नेमणुका निकषांवर आणि पारदर्शकपणे झाल्या पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ब्रिजेश्वर सिंग चहल प्रकरणात पंजाबबाबत म्हटले आहे. निवेदन लिहिताना तो निकाल उपयोगी पडतो.

निवड झाली तर करारातला शुल्काचा तक्ता सही करण्याआधी वाचा. लेखी अभिप्राय, करार मसुदा आणि बैठक यांचे वेगळे दर नसतील, फक्त ‘प्रति तारीख’ दर असेल, तर वाटाघाटींचे बहुतेक काम बिलात बसणार नाही. हे नंतर मागून मिळत नाही, सहीपूर्वी लेखी विचारावे लागते. बिलासोबत रोजनाम्याची किंवा बैठकीच्या उपस्थितीची प्रत लावा. १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात दिसतो का ते दर तिमाहीला तपासा.