पाहुण्याच्या ताटातला हंगाम

आज एखादे ग्रामीण हॉटेल ‘आमच्याकडे हंगामातले आणि परिसरातलेच जेवण मिळते’ असे सांगते, तेव्हा ती त्या हॉटेलाची खासियत मानली जाते आणि पाहुणे तेवढ्यासाठी वाट वाकडी करून येतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या वाटसरूला या वाक्यात मुद्दाम सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नसते, कारण रस्त्याकडेच्या सरायांमध्ये दुसरे काही मिळण्याची सोयच नव्हती. शेतात जे पिकले, गोठ्यातून जे आले, कोठारात जे उरले किंवा मिठात जे मुरवून ठेवले होते, तेच पानात पडत असे. पुढे ही सक्ती सुटली, त्याबरोबर हेच जेवण गावंढळ ठरले आणि नंतर काही थोड्या माणसांनी ते समजूनउमजून परत आणले. या परत आणण्यामागचा इतिहास हा पदार्थांचा आहे, त्याहून अधिक तो यजमान आणि पाहुणा यांच्यातल्या नात्याचा आहे. काय शिजवायचे हे कोणी ठरवायचे, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

युरोपात या प्रश्नाचे एक जुने उत्तर मठांमध्ये सापडते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीतल्या मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखे करावे असे म्हटले आहे. पाहुणे अवेळी येतात आणि मठात त्यांचा खंड कधीच पडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र स्वयंपाकघर असावे, अशी व्यवहारी तरतूदही तिथेच आहे. सहासष्टाव्या प्रकरणात पाणी, पिठाची गिरणी आणि बाग या गोष्टी शक्यतो मठाच्या आवारातच असाव्यात असे सांगितले आहे. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली की बागेतून थेट पाहुण्याच्या ताटात जाणारी वाट स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते आजच्या परसबागवाल्या हॉटेलांचे बीज शोधायचे तर ते इथे शोधावे.

मठांबाहेरच्या सरायांमध्ये भक्तिभाव नव्हता, पण मर्यादा तीच होती. फ्रान्समध्ये ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचे मेज, ही पद्धत रूढ होती. ठरलेल्या वेळी सगळे प्रवासी एका लांब मेजाभोवती बसत आणि घरधन्याने जे शिजवले असेल ते सर्वांना सारखेच वाढले जाई. उशिरा येणाऱ्याला उरलेसुरले मिळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंटे निघाली, तेव्हा त्यांचे नावीन्य नेमके याच्या उलट होते: स्वतंत्र मेज, हवी ती वेळ आणि यादीतून हवा तो पदार्थ. निवडीचा अधिकार घरधन्याकडून गिऱ्हाइकाकडे गेला आणि त्या अधिकारापुढे हंगामाचे काही चालेना.

जपानमध्ये मात्र हा अधिकार बऱ्याच अंशी यजमानाकडेच राहिला. १६३५ पासून तिथल्या सरंजामदारांना आलटून पालटून ‘शोगुन’ या लष्करी शासकाच्या एदो (आजचे टोकियो) शहरात येऊन राहणे सक्तीचे झाले आणि त्यांच्या लवाजम्यांमुळे मोठ्या रस्त्यांवरची ठाणी भरभराटीला आली. एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावर अशी त्रेपन्न ठाणी होती. सरंजामदार ‘होनजिन’मध्ये उतरत, तर सामान्य प्रवाशांसाठी दोन प्रकारच्या जागा असत. ‘किचिन-यादो’मध्ये प्रवासी स्वतःचे तांदूळ घेऊन येई आणि ते शिजवायला लागणाऱ्या सरपणाचे पैसे देई, ‘किचिन’ या शब्दाचा अर्थच सरपणाचे मोल असा आहे. ‘हातागो’मध्ये मुक्कामाच्या दरातच जेवण येई. एक रात्र आणि दोन वेळचे जेवण हा हिशेब पारंपरिक सरायांमध्ये, म्हणजे ‘र्‍योकान’मध्ये आजही चालतो. संध्याकाळचे ताट कसे असेल हे तिथे पाहुणा ठरवत नाही. चहाविधीतून आणि मेजवान्यांतून घडत गेलेल्या ‘काइसेकी’ जेवणाने त्या ताटाला हंगामाचे व्याकरण दिले. जपानी आचारी एकाच जिन्नसाचे तीन टप्पे मानतो: ‘हाशिरी’ म्हणजे नुकताच बाजारात आलेला पहिला माल, ‘शुन’ म्हणजे ऐन भरातला आणि ‘नागोरी’ म्हणजे निरोप घेणारा. वसंतातले बांबूचे कोंब, उन्हाळ्यातले ‘आयू’ मासे आणि शरदातली ‘मात्सुताके’ अळंबी यांची वाट पाहिली जाते आणि त्यांच्या शेवटच्या घासाची हुरहुरही जेवणाचाच भाग असते. हंगाम सरत आल्याची जाणीव चवीत धरण्याची ही रीत मला विलक्षण वाटते.

पश्चिमेत हंगामाची पकड सुटली ती प्रामुख्याने वाहतूक आणि साठवण यांतल्या बदलांमुळे. निकोला अपेरने हवाबंद बाटल्यांत अन्न टिकवण्याची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्यांसाठी पेटंट घेतले गेले. १८३० नंतर रेल्वे पसरत गेली, तशी घोडागाड्यांच्या मार्गांवरची इंग्लिश सरायघरे एकामागून एक ओस पडली, कारण घोडे बदलायला आणि रात्र काढायला तिथे थांबणारेच कोणी उरले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये ‘डनीडिन’ हे जहाज सुमारे ५,००० मेंढ्यांचे गोठवलेले मांस घेऊन न्यूझीलंडहून निघाले आणि ९८ दिवसांनी ते लंडनला पोहोचवले. अर्ध्या पृथ्वीचे अंतर आणि उलटा ऋतू या दोन्ही अडचणी एका फेरीत संपल्या. याच काळात हॉटेलचालक सेझार रिट्झ आणि आचारी ओग्युस्त एस्कोफिये यांनी मोठ्या शहरी हॉटेलांना जे वळण लावले, त्यात फ्रेंच पदार्थांची एकच यादी कोणत्याही देशात आणि बाराही महिने चालू शकत होती. गावाकडच्या हॉटेलांनीही तिचीच नक्कल सुरू केली. दारात ताजी मासळी उतरत असताना पाहुण्याला डब्यातले परदेशी जिन्नस वाढण्यात त्यांना प्रतिष्ठा वाटू लागली.

रेल्वेने ओस पाडलेले रस्ते मोटारीने पुन्हा वाहते केले. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या टायरवाल्या बंधूंनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हा फ्रान्समध्ये ३,००० सुद्धा मोटारी नव्हत्या. तरीही त्यांनी सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या. टायर झिजायचे तर लोकांनी प्रवास केला पाहिजे, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. १९२६ पासून त्यांनी उत्तम जेवणाला तारा द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांची भर घातली. वाट वाकडी करून जावे असे ठिकाण म्हणजे दोन तारे आणि खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असे ठिकाण म्हणजे तीन. दूरच्या गावातले स्वयंपाकघर हे प्रवासाचे कारण होऊ शकते, ही कल्पना या वर्गवारीने छापील स्वरूपात रुजवली.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे युजेनी ब्राझिये. शेतावर वाढलेल्या या बाईंनी १९२१ मध्ये लिओं शहरात स्वतःचे छोटे रेस्टॉरंट काढले आणि पुढे शहराबाहेर ल्युएरच्या खिंडीत दुसरे सुरू केले. ते आरंभी नुसती लाकडी झोपडी होते. तिथे ना गॅस होता ना वीज. १९३३ मध्ये या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल बोक्यूज हा पुढे जगप्रसिद्ध झालेला आचारी याच खिंडीत उमेदवारी करत होता आणि चुलीपाशी उभे राहण्याबरोबरच गाईंचे दूध काढणे आणि भाजीच्या वाफ्यांची निगा राखणे ही कामेही त्याच्याकडे होती. स्वयंपाक बागेपासून आणि गोठ्यापासून सुरू होतो, हा धडा फ्रेंच आचाऱ्यांच्या पुढच्या पिढीने अशा ठिकाणी गिरवला.

काही देशांत हे काम सरकारनेच अंगावर घेतले. स्पेनमध्ये राजा तेराव्या आल्फोन्सोच्या काळात, १९२८ मध्ये, ग्रेदोस डोंगरात पहिला ‘पारादोर’ उघडला आणि पोर्तुगालमध्ये १९४२ मध्ये एल्व्हास इथे पहिली ‘पौसादा’ सुरू झाली. दोन्हीकडे त्या त्या प्रांताचे जेवण हा आतिथ्याचा भाग मानला गेला. मात्र दोन्ही देशांत पुढे दीर्घ काळ हुकूमशाही होती आणि प्रादेशिक पदार्थांचे कौतुक सरकारी प्रचाराच्याही कामी आले, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटनमधली सुरुवात हलाखीतून झाली. युद्धानंतर मोठे वारसाकर आणि नोकरांची टंचाई यांमुळे गावाकडच्या जुन्या हवेल्या सांभाळणे मालकांना अशक्य झाले आणि शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्यांतल्या काहींची हॉटेले झाली. लेक डिस्ट्रिक्टमधल्या अल्सवॉटर सरोवराकाठी फ्रान्सिस कूलसन यांनी १९४९ मध्ये ‘शॅरो बे’ सुरू केले, तेव्हा रेशनिंग चालू होते आणि ते ४ जुलै १९५४ पर्यंत उठले नाही. ब्रायन सॅक १९५२ मध्ये त्यांच्याबरोबर आले आणि पाहुण्याने आपल्याच घरी आल्यासारखे राहावे, ही त्या दोघांची रीत पुढच्या ‘कंट्री हाउस हॉटेलां’नी उचलली. ससेक्समधील ‘ग्रेव्हटाय मॅनर’ हे प्रसिद्ध उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांचे घर १९५८ मध्ये हॉटेल झाले आणि त्यांनी वसवलेल्या, भिंतीआडच्या अंडाकृती परसबागेतला भाजीपाला पाहुण्यांच्या पानात येऊ लागला.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटणारे ठिकाण आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आहे. कॉर्क परगण्यातल्या शानागॅरी गावाजवळचे ‘बॅलिमलू’ हे जुने घर आणि त्याची शेती आयव्हन आणि मर्टल ॲलन या दांपत्याने १९४८ च्या सुमारास घेतली. मर्टल ॲलन यांनी स्वयंपाकाचे व्यावसायिक शिक्षण घेतलेले नव्हते. त्या शेतकऱ्याच्या पत्नी होत्या आणि शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात स्वयंपाकाविषयी लिहीत. १९६४ मध्ये त्यांनी घराच्या जेवणघरातच रेस्टॉरंट उघडले आणि काही वर्षांनी राहायच्या खोल्याही दिल्या. आयर्लंडमध्ये त्या काळी बाहेर जेवायला जाणे म्हणजे हॉटेलातले फ्रेंच नावांचे पदार्थ खाणे असे समीकरण होते, आणि स्वतःच्या शेतातले लोणी, बटाटे, मासळी पाहुण्यापुढे ठेवणे कमीपणाचे वाटे. बॅलिमलूमध्ये क्रम उलटा होता. जवळच्या बॅलिकॉटन बंदरात होड्यांनी काय आणले आणि बागेत काय तयार आहे हे कळल्यावर त्या दिवसाचा मेनू लिहिला जाई, म्हणून तो रोज नवा असे. आपण जे घरी खातो तेच पाहुण्याला देण्यात संकोच कसला, हा विचार त्यांनी चार-पाच दशके न डगमगता जगून दाखवला. परिसरातल्या लहान उत्पादकांना त्यामुळे हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. १९८६ मध्ये पॉल बोक्यूज आणि इतर आचाऱ्यांनी अस्सल कच्च्या मालाच्या रक्षणासाठी ‘युरो-तोक’ ही संघटना काढली, तिच्या उभारणीत मर्टल ॲलन यांचाही वाटा होता.

हॉटेलांचे आपसांत जाळे विणण्याची कल्पना त्याआधीच फ्रान्समध्ये निघाली होती. १९५४ मध्ये मार्सेल आणि नेली तियुआ यांच्या पुढाकाराने पॅरिस ते नीस या वाटेवरची आठ हॉटेले ‘रले द कांपान्य’ या नावाने एकत्र आली आणि १९७५ मध्ये त्यातूनच ‘रले ए शातो’ ही आजची संघटना उभी राहिली. ही मुख्यतः श्रीमंत प्रवाशांची दुनिया होती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक दूरगामी पाऊल इटलीने उचलले. युद्धानंतर तिथे वाटेकरी शेतीची पद्धत मोडली, तरुण शहरांकडे गेले आणि डोंगराळ भागातली दगडी घरे रिकामी पडली. १९६५ मध्ये ‘अग्रितुरिस्त’ ही संघटना स्थापन झाली आणि ५ डिसेंबर १९८५ च्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने शेतावरच्या पाहुणचाराला चौकट दिली. पाहुणचार हा शेतीला पूरक असला पाहिजे, मुख्य व्यवसाय शेतीच राहिला पाहिजे आणि पानात वाढले जाणारे अन्न प्राधान्याने स्वतःच्या शेतातले असले पाहिजे, हा त्या चौकटीचा गाभा होता. २००६ च्या नव्या कायद्यानेही तोच कायम ठेवला. ‘स्थानिक’ या शब्दाला कायद्याचा आधार मिळाला की तो नुसता जाहिरातीपुरता राहत नाही, म्हणून मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, रोममध्ये एका फास्ट फूड दुकानाविरुद्ध झालेल्या निदर्शनांतून कार्लो पेत्रिनी यांच्या ‘स्लो फूड’ चळवळीला जोर आला आणि स्थानिक अन्नाचा मुद्दा शहरी ग्राहकापर्यंत पोहोचला.

त्यानंतर हा विचार झपाट्याने पसरला आणि त्यात बाजारूपणाही शिरला. त्यामुळेच कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यापलीकडील फोगो बेटाचे उदाहरण इथे नोंदवायला हवे. कॉड मासळीचे साठे अतिमासेमारीने संपत आल्यामुळे सरकारने १९९२ मध्ये तिथल्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि पिढ्यानपिढ्या चाललेला धंदा बसला. त्याच बेटावर वाढलेल्या झीटा कॉब यांनी भावांसह एक धर्मादाय संस्था उभी केली आणि तिच्या मालकीचे २९ खोल्यांचे ‘फोगो आयलंड इन’ २०१३ मध्ये उघडले. तिथले लोक वर्षाचे चार ऋतू मानत नाहीत, सात मानतात. हिवाळ्यानंतर समुद्रावरून हिमखंडांचे थर वाहत येतात तो एक ऋतू, वसंतानंतर कॉडचे सापळे लावायच्या जागा ठरवण्याचा दुसरा, उन्हाळा सरल्यावर रानबोरे वेचण्याचा आणखी एक. स्वयंपाकघर या सात ऋतूंप्रमाणे चालते. पाहुण्याने मोजलेल्या रकमेतला किती भाग बेटावर राहिला, किती देशात इतरत्र गेला आणि किती देशाबाहेर, हे ते हॉटेल खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील पोषणतक्त्यासारख्या एका तक्त्यात छापून सांगते.